पुस्तकातली दोन हाडं

समोरचं माणूस कोण, किती ओळखीचं, याचा काहीही विचार न करता मॅडम विचारायच्या, "खालचा जबडा. हाड एक की दोन?" आणि उत्तर यायच्या आत स्वतःची दोन बोटं स्वतःच्या हनुवटीवर ठेवून या कानापासून त्या कानापर्यंत सावकाश फिरवायच्या. बघणाऱ्याचा हातही आपोआप आपल्या हनुवटीकडे जायचा. तो गेला की मॅडम खूश. "हां. आता सांग."

माझी नि त्यांची पहिली भेट अशीच झाली. ऑकलंडच्या माउंट रॉस्किल उपनगरात त्यांच्या मुलाच्या घरामागे एक स्लीपआउट होतं, म्हणजे मागच्या अंगणातली एक सुटी खोली. ती भाड्याने मिळतेय का बघायला मी गेले होते. मुलगा, निखिलदादा, मला कचऱ्याचे डबे कुठल्या वारी बाहेर ठेवायचे ते समजावत होता आणि त्याची आई मागे उभी राहून माझं तोंड निरखत होती. मला वाटलं, झालं, आता बाई गाव विचारणार, मग आडनाव विचारणार, मग जातीवर येणार. बाईंनी जबडा विचारला. मी चाचपून म्हटलं, "एकच लागतंय."

"बरोबर. आणि हात लावून सांगितलंस, हे महत्त्वाचं. निखिल, हिला दे खोली."

मी मूळची पिंपरीची. बिझनेस मॅनेजमेंटचा डिप्लोमा करायला ऑकलंडला आले आणि आता सुपरमार्केटच्या बेकरीत पाव भाजते. मॅनेजमेंट म्हणाल तर दोन ओव्हन आणि पिठाची पोती, एवढंच काय ते हाताखाली आहे. पहाटेची पाळी असल्यामुळे मी दुपारी घरी यायचे. त्या वेळी निखिलदादा आणि वहिनी कामावर, त्यांची मुलगी अन्वी शाळेत. घरात मॅडम एकट्या. अशा रीतीने रोजच्या दुपारच्या चहाला मी त्यांच्या वाट्याला आले, किंवा त्या माझ्या.

पहिल्या दिवशी मी त्यांना काकू म्हटलं होतं. "काकू नको. तुझ्या काकांना मी ओळखत नाही," असं म्हणून त्यांनी विषय संपवला. मराठवाड्यातल्या एका सरकारी मेडिकल कॉलेजात त्यांनी उभा जन्म शरीररचनाशास्त्र शिकवलं होतं. डिसेक्शन हॉल हेच त्यांचं घर. त्यामुळे मॅडम हेच नाव त्यांना जवळचं होतं. यजमान इतिहासाचे प्राध्यापक. "यांनी मला युरोप शिकवला आणि मी यांना हाडं शिकवली. पस्तावले नाहीत," असं त्या नवऱ्याबद्दल सांगायच्या. त्यापुढे फारसं कधी बोलल्या नाहीत.

तर त्या जबड्याची गोष्ट. ती त्यांनी मला इतक्या वेळा सांगितली, की आता माझ्या तोंडूनही त्यांच्याच चालीत येते. युरोपात हजारएक वर्षं एका जुन्या ग्रीक वैद्याचं पुस्तक चालत होतं. त्यात लिहिलेलं, माणसाच्या खालच्या जबड्यात दोन हाडं असतात. "त्या बिचाऱ्याला माणूस कापायची मुभा नव्हती. त्याने माकडं कापली, डुकरं कापली. तो चुकला यात नवल नाही. नवल आहे पुढच्यांचं. प्राध्यापक उंच खुर्चीत बसून पुस्तक वाचणार, खाली न्हावी देह कापणार, आणि पोरं माना वर करून प्राध्यापकाकडे बघणार. टेबलावर हाड एक दिसतंय. पण पुस्तकात दोन आहेत ना? मग दोन." इथे त्या चहाचा घोट घ्यायच्या. "तान्ह्या बाळात ते जुळायचं असतं, ते सोड. मग पादुआ नावाच्या गावात एक तरुण मास्तर आला. तो खुर्चीवरून खाली उतरला आणि सुरी त्याने स्वतःच्या हातात घेतली. उतरला, एवढंच केलं बघ त्याने. बाकीचं सगळं त्यातून आलं."

मी एकदा म्हटलं, "मॅडम, शाळेत आम्हाला प्रबोधन म्हणजे चित्रं आणि घुमट असं शिकवलं होतं. टिपा लिहा, पाच मार्क."

"चित्रं आहेतच. पण त्या चित्रकारांनीसुद्धा मुडद्यांची कातडी सोलून आतले स्नायू बघितले. दंड कसा फुगतो ते स्वतः बघितल्याशिवाय दंड काढायचा नाही, ही जिद्द. तुझ्या मास्तरांनी पाच मार्क दिले आणि मुडदे गाळले."

आमच्या इथल्या लायब्ररीत दर बुधवारी दुपारी मराठी आईवडील जमतात. मुलांकडे सहा-सहा महिने राहायला आलेली ही मंडळी. नातवंडं मराठीत उत्तर देत नाहीत, गुडघे दुखतात आणि व्हिसा वाढेल का, हे तिथले कायमचे विषय. त्यात मॅडमनी युरोपातल्या प्रबोधनावर बोलायला सुरुवात केली. मी त्यांना गाडीतून न्यायची आणि मागे बसून डुलक्या काढायची. पहाटेची पाळी हो, काय करणार. पण त्यांचा आवाज चढला की जाग यायची.

एक निवृत्त इंजिनियर काका होते. कुठलाही विषय निघाला तरी त्यांचं एकच म्हणणं, "हे आपल्याकडे आधीच होतं."

"होतं ना," मॅडम शांतपणे म्हणाल्या. "आपल्या जुन्या वैद्यांनीही लिहून ठेवलंय, प्रेत वाहत्या पाण्यात ठेवा, मऊ होऊ द्या, थर काढत काढत डोळ्यांनी बघा. लिहिलंय. पुढे बघितलं कोणी? प्रेताला शिवायचं नाही म्हणून आपणही थांबलो. तेही थांबले होते, आपणही थांबलो होतो. ते पुन्हा सुरू झाले, एवढाच फरक."

मग मॅडम सगळ्यांकडे वळल्या. "तुमचा नातू शाळेतून येऊन सांगतो ना, टीचरने गोगलगाय बघून यायला सांगितलंय म्हणून? त्यामागे तेच आहे. जीपी डॉक्टर आधी छातीला नळी लावून ऐकतो, मग बोलतो. त्यामागेही तेच. आणि तुमचा मुलगा तुम्हाला उलटून विचारतो, 'कशावरून?' त्यामागेसुद्धा तेच." यावर सगळी मंडळी खो खो हसली, कारण प्रत्येकाच्या घरी असा एकेक होताच.

पण कौतुक त्या आंधळेपणाने करत नसत. त्याच दिवशी त्या म्हणाल्या, "ज्या हौसेने त्यांनी माणसाचं शरीर उघडून बघितलं, त्याच हौसेने बोटी काढून जग बघायला निघाले. आणि बघता बघता लोकांच्या जमिनी लाटल्या. आपण बसलोय ती जमीनसुद्धा. ज्याला बघायची सवय लागली, त्याने हेही बघायला हवं." तो गट अजून भरतो. मी हल्ली जात नाही. आता तिथे गुडघे आणि व्हिसा एवढंच असतं.

अन्वीला शाळेत मूत्रपिंडाचा धडा होता, तेव्हाची गंमत सांगते. हे घर शुद्ध शाकाहारी. मॅडम स्वतः अंडंसुद्धा न खाणाऱ्या. त्या चालत जाऊन खाटकाकडून मेंढीची मूत्रपिंडं घेऊन आल्या. खाटकाने विचारलं, कशी शिजवणार. मॅडम म्हणाल्या, "शिजवणार नाही, बघणार." वहिनींनी पुडकं बघून स्वैपाकघराच्या दारातच हात आडवा धरला, "माझ्या ओट्यावर नाही हं, आई." मग ते प्रकरण माझ्या खोलीत आलं, माझ्या एकुलत्या एका चॉपिंग बोर्डवर.

"जुन्या पुस्तकात होतं, याच्या आत चाळणी असते. पिठाच्या चाळणीसारखी." मॅडमनी माझी पिठाची चाळणी शेजारी ठेवली आणि अन्वीच्या हातात सुरी दिली. पोरगी नाक मुरडत होती. पण कापल्यावर वाकली ती वाकलीच.

"चाळणी दिसली?"

"नो, आजी. इट्स लाइक... लिटल पिरॅमिड्स."

"सापडते का, अजून बघ."

"आजी, देअर इज नो चाळणी."

त्या दिवशी मॅडमचा चेहरा असा काही फुलला होता, की विचारू नका. बोर्ड मात्र मी टाकून दिला.

आता मुख्य गोष्टीवर येते. मॅडमना देहदान करायचं होतं. त्यांची इच्छा म्हणाल तर ही एकच होती. इथल्या मेडिकल स्कूलचे कागद त्यांनी मागवून, भरून, सही करून ठेवले होते. पण घरच्यांची मान्यता लागते, आणि निखिलदादा ती देत नव्हता. त्याच्याशिवाय सगळं अडलं होतं. एका रविवारी मी जेवायला होते तेव्हा हा विषय माझ्यासमोरच निघाला. मला उठून जाता येईना, कारण ताटात गरम पोळी नुकतीच पडली होती.

"मी सगळं आयुष्य त्या टेबलाशेजारी उभी राहिले," मॅडम म्हणाल्या. "पोरांना शिकवलं ते कोणाच्या तरी आईवडिलांच्या देहावर. मला एकदा त्या टेबलावर जायचंय. अजून एक वर्ग शिकवायचाय, एवढं समज."

"बाबांना दिलंस तेव्हा मी विमानात होतो," निखिलदादा खाली बघत म्हणाला. "पुण्यात उतरून घरी पोहोचलो तर खाट रिकामी आणि फोटोला हार. मी बाबांचं काहीही बघितलं नाही, आई. चेहरा नाही, हात नाही. काहीही नाही."

"त्यांचीच इच्छा होती. उशीर झाला की देह कामाचा राहत नाही."

"एक दिवस शवागारात ठेवता आला असता. नंतर तूच तसं म्हणालीस."

"थांबून काय बघणार होतास? ते तिथे नव्हतेच."

निखिलदादा उठला, ताट धुतलं आणि बाहेर जाऊन गवत कापायचं मशीन सुरू केलं. मॅडम उरलेलं जेवण व्यवस्थित जेवल्या. मला दोघांचंही बरोबर वाटत होतं, आणि अशा वेळी कोणाला काही सांगायला तोंड उघडत नाही. माझं एरवी चांगलंच उघडतं.

वर्षभर हे असंच चाललं. कागद फ्रिजवरच्या टोपलीत पडून होते. मॅडम रोज त्यांच्याकडे बघायच्या, निखिलदादा बघायचा नाही.

मग त्या हिवाळ्यात शेजारच्या अरोहा आजींचे यजमान वारले. हे माओरी कुटुंब आमच्या कुंपणापलीकडे कितीतरी वर्षांपासून राहत होतं. अरोहा आजी आम्हाला त्यांच्या झाडाची फिजोआची फळं द्यायच्या, मी त्यांना बेकरीतले पाव द्यायची. त्यांच्याकडची रीत अशी, की गेलेल्या माणसाला क्षणभरही एकटं सोडायचं नाही. उत्तरेला त्यांच्या मराईवर, म्हणजे त्यांच्या कुळाच्या सभाघराकडे, नेण्याआधी त्यांनी आजोबांना एक दिवस घरी आणलं होतं. मी नि मॅडम भेटायला गेलो. दाराबाहेर बुटांचा आणि जँडल्सचा, म्हणजे रबरी चपलांचा, हा ढीग.

बैठकीच्या खोलीत उघडी शवपेटी आणि सभोवार गाद्या अंथरलेल्या. कोणी रडत होतं, कोणी गात होतं, एक नातू पेटीला टेकून झोपला होता. मुलगी बापाचे केस विंचरत होती. आम्हाला जागा करून दिली. मॅडम, ज्यांनी जन्मभर मृतदेह हाताळले, त्या मांडीवर हात ठेवून बसल्या होत्या. आम्ही निघायला उठलो तर अरोहा आजी म्हणाल्या, थांबायचं तर थांबा, आम्ही सिडनीच्या मुलाची वाट बघतोय, तो आल्याशिवाय झाकण लागत नाही.

मॅडम परत खाली बसल्या.

संध्याकाळ व्हायच्या आत तो मुलगा आला. चांगला पन्नाशीचा, आडदांड माणूस, खांद्यावर विमानातली बॅग तशीच. सगळे बाजूला सरले. तो बापाच्या डोक्याशी बसला आणि नुसता बघत राहिला. कपाळ बघितलं, हात बघितले, बोटं एकेक करून बघितली. कोणी त्याला घाई केली नाही. मी मॅडमकडे पाहिलं तर त्या आजोबांकडे बघतच नव्हत्या. त्या मुलाकडे बघत होत्या.

परतताना आमच्या लेटरबॉक्सपाशी त्या थांबल्या. "मी जन्मभर दुसऱ्यांच्या पोरांना बघा, बघा म्हणत आले," त्या म्हणाल्या, "आणि माझ्या पोराला त्याचा बाप बघू दिला नाही." एवढं बोलून त्यांनी डोळे पुसले. त्यांना रडताना मी पहिल्यांदाच पाहिलं. काय करावं सुचेना, म्हणून त्यांचा हात धरून उभी राहिले.

रात्रीच्या जेवणाआधी त्या निखिलदादाला म्हणाल्या, "माझं चुकलं. तुझ्या बाबांच्या वेळी मी थांबायला हवं होतं." तो बघतच राहिला. "मी गेले की मला एक दिवस इथे घरी ठेव. हवं तेवढं बघ. मग त्यांना दे. मी फोन करून विचारलंय, एवढा वेळ चालतो म्हणाले." दुसऱ्या दिवशी सकाळी कामावर जाण्याआधी निखिलदादाने टोपलीतून कागद काढले, ओट्यावर ठेवून सही केली आणि किल्ल्या घेऊन गेला. हे मला वहिनींनी सांगितलं.

त्यानंतर मॅडम अशा काही रंगात आल्या, जणू लग्नघर. "डाव्या गुडघ्यात स्टील आहे, पोरांना गंमत वाटेल." "पित्ताशय काढलेलं आहे, बिचारी शोधत बसतील." मी म्हणायची, मॅडम, चहा पिताना नको ना. त्या म्हणायच्या, "तू पाव भाजताना पिठाचं बोलतेस, तेव्हा मी काही म्हणते का?"

आणि इथेच घोडं पेंड खातं.

आम्ही संध्याकाळी माउंट रॉस्किलच्या डोंगरावर फिरायला जायचो. चढ मोठा नाही, पण मॅडम मध्येच थांबायला लागल्या. छातीवर मूठ दाबायच्या, ढेकर द्यायच्या, पदराच्या गाठीतला ओवा तोंडात टाकायच्या. "अ‍ॅसिडिटी. रात्री उसळ झाली ना." पुढच्या आठवड्यात पुन्हा उसळ नसतानाही तेच. मी म्हटलं, जीपीकडे जाऊ या.

"मी शरीर शिकवलंय. मला माझं कळतं."

"तुम्ही मेलेल्यांचं शिकवलंय, मॅडम. जिवंतांचं नाही." मी तशी फटकळच.

त्या मनापासून हसल्या, आणि गेल्या मात्र नाहीत. मी निखिलदादाला सांगितलं. त्याने अपॉइंटमेंट घेतली. मॅडमनी परस्पर फोन करून ती रद्द केली. त्याने पुन्हा घेतली, त्यांनी पुन्हा रद्द केली, वर मला म्हणाल्या, "साध्या गॅसेससाठी त्या डॉक्टरचा वेळ कशाला." राग येतो मला अजून. इतरांना खुर्चीवरून खाली उतरवणारी ही बाई, स्वतःच्या छातीची वेळ आली तेव्हा स्वतःच खुर्चीवर चढून बसली होती. पुस्तकातलं पाठ केलेलं सांगत होती. ज्याने बघायला हवं होतं त्याला बघू दिलं नाही.

पुढच्या वर्षीच्या फिजोआच्या दिवसांत, एका दुपारी मी कामावरून आले तर मॅडम मागच्या डेकवर खुर्चीत बसलेल्या. मांडीवर फिजोआचा वाडगा, डोळे मिटलेले. मी हाक मारली. मग जवळ गेले. पुढचं सांगत नाही. अँब्युलन्सवाले आले, त्यांनी तपासलं, आणि मान हलवली. मी निखिलदादाला फोन केला.

त्यानंतर पोलीस आले. एक तरुण मुलगी होती, बोलायला फार मऊ. तिने समजावून सांगितलं, की असा अचानक मृत्यू झाला आणि वर्षभरात कुठल्या डॉक्टरने बघितलेलंच नसलं, तर कारण लिहून सही करायला कोणी नसतं. मग ते कोरोनरकडे, म्हणजे अशा मृत्यूची चौकशी करणाऱ्या सरकारी अधिकाऱ्याकडे जातं, आणि कोरोनरला कारण कळावं म्हणून शवविच्छेदन करावं लागतं.

निखिलदादा आईच्या खुर्चीशी गुडघ्यांवर बसला होता. शवविच्छेदन म्हटल्याबरोबर तो उठला आणि मेडिकल स्कूलला फोन लावला. तिकडून जे उत्तर आलं ते त्याच्या चेहऱ्यावर मला दिसलं. शवविच्छेदन झालेला देह ते घेत नाहीत. शिकवायच्या कामाचा तो राहत नाही. फार वाईट वाटतं, असं तिकडची बाई पुन्हा पुन्हा म्हणत होती.

मग तो कोरोनरच्या ऑफिसशी भांडला. भांडला म्हणजे आवाज चढवून नव्हे, गयावया करून. ज्या माणसाने वर्षभर त्या कागदांकडे बघितलं नाही, तो आता म्हणत होता, "प्लीज, तिला तुम्ही कापू नका, तिला तिकडे जाऊ द्या." फोनवरच्या बाईने विचारलं, तुमचा आक्षेप धार्मिक आहे का, तसा असेल तर त्याची नोंद घेता येते.

"हो," निखिलदादा म्हणाला. "तिचा धर्मच समजा."

आक्षेपाची नोंद झाली. पण कारण कोणालाच माहीत नव्हतं, त्यामुळे निर्णय तोच राहिला. मॅडमना घेऊन गेले.

त्या परत आल्या तेव्हा आम्ही बैठकीच्या खोलीतलं सामान हलवून जागा केली होती. वहिनींनी त्यांना निळी नारायणपेठी नेसवली होती. अरोहा आजी आल्या, न विचारता डोक्याशी बसल्या. अन्वी आली आणि आजीच्या पायांवरची शाल सारखी करत राहिली. निखिलदादा दिवसभर तिथून हलला नाही. त्याला हवं होतं ते मिळालं होतं. घाई करणारं कोणी नव्हतं. कपाळ, हात, बोटं, सगळं तो बघत होता, आणि तरी त्याच्याकडे बघवत नव्हतं.

मी चहा घेऊन गेले तेव्हा तो म्हणाला, "मला बघायला मिळालं गं. तिला मात्र काहीच मिळालं नाही. एवढा एक वर्ग शिकवायचा होता तिला."

दुसऱ्या दिवशी सकाळी कोरोनरच्या ऑफिसातून त्या बाईंचा फोन आला. कारण हृदयाचंच होतं. आधीही लहान झटके येऊन गेल्याच्या खुणा होत्या, मॅडमना ते जाणवत असणार, असं त्यांचं म्हणणं. निखिलदादाने ऐकून घेतलं. फोन ठेवायच्या आधी त्याने विचारलं, "तिथे शिकणारं कोणी होतं का?"

बाईंना कळेना. त्याने पुन्हा विचारलं. "माझ्या आईचं शवविच्छेदन झालं तेव्हा. तिथे कोणी विद्यार्थी होतं का? शिकायला आलेलं?"

बाई म्हणाल्या, मला माहीत नाही, पण विचारून सांगते.

दुपार झाली. अंत्यविधीवाल्यांची गाडी ड्राइव्हवेमध्ये येऊन लागली. त्यांची माणसं आत येऊन हात जोडून उभी राहिली. निखिलदादा त्यांना थांबा म्हणाला. कशासाठी थांबायचं ते त्याने सांगितलं नाही, आणि त्यांनीही विचारलं नाही. वहिनींनी मला खुणेने विचारलं, मी मान हलवली. मला ठाऊक होतं तो कशाची वाट बघतोय, आणि तो फोन येणार नाही असंच मला वाटत होतं. कोण एवढं करतं हो, एका अनोळखी म्हाताऱ्या बाईसाठी?

पण फोन आला. निखिलदादा पाठमोरा उभा राहून ऐकत होता. "थँक यू," म्हणाला, मग पुन्हा एकदा "थँक यू." फोन खिशात ठेवला, आईपाशी येऊन खाली बसला आणि तिच्या कानाशी वाकला. खोलीत सगळे होते, पण त्याला कोणाची लाज वाटली नाही.

"आई, एक मुलगी होती. पॅथॉलॉजी शिकतेय, पहिल्याच वर्षाला आहे. तिने तुझं हृदय हातात घेतलं आणि कुठे काय झालंय ते सगळं स्वतः बघितलं." मग म्हणाला, "आधी तिला कारण सापडत नव्हतं. मग सापडलं."

मग आम्ही त्यांना उचललं.